शकू, डबा रिकामा आला

शकू,

तुझ्या पुण्यानुमोदनाला नितीन आला होता. आपल्या वैशालीचा नवरा. पांढराशुभ्र शर्ट, हातात मोगऱ्याचा हार, डोळे लाल. तुझ्या फोटोसमोर इतका वेळ हात जोडून उभा राहिला की मागची रांग खोळंबली. मी कोपऱ्यात पाण्याचे पेले लावत होते आणि लावता लावता त्याच्याकडे बघत होते. रडणाऱ्या नवऱ्याकडे आधी नीट बघायचं, हळहळायचं नंतर, हे तूच शिकवलंस.

मग तो माझ्याकडे आला. वाकून पाया पडला. म्हणाला, "मॅडम, आईसारख्या होत्या मला. आमचा संसार त्यांनीच उभा केला."

मी म्हटलं, "हो का."

"जायच्या आधी घरी आल्या होत्या आमच्या. माझ्यासमोर वैशालीला म्हणाल्या, आता तुमचं चांगलं चाललंय, कशाला ते कोर्टाचे कागद अंगावर ठेवता, काढून टाका एकदाचे. आता ती त्यांची शेवटची इच्छाच समजायची ना, मॅडम?"

तुझी शेवटची इच्छा मला माहीत आहे. तळलेला बांगडा. हॉस्पिटलमध्ये तू प्रज्ञाशी त्यावरून भांडलीस. "मला बांगडा पाहिजे आणि माझी पोरगी मला दलिया भरवतीय, हा पण छळच आहे, लिहून घे गं यादीबाई." यादीबाई म्हणजे मी. नर्स हसली होती. कोर्टाच्या कागदांचा विषय तुझ्या तोंडून एकदाही निघाला नाही.

बोलून झाल्यावर त्याने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "हा ताईंचा, आमच्याकडे राहिला होता. वैशालीने आठवणीने पाठवलाय. तिला बरं नाही, नाहीतर आलीच असती."

डबा तुझाच होता, झाकणावर तुझं नाव कोरलेलं. हातात घेतल्याबरोबर कळलं की हलका आहे. मी चेहरा होता तसाच ठेवला. ते मला जमतं, तूच म्हणायचीस. पार्ल्याच्या बायकांचा चेहरा म्हणजे बंद बँक.

डब्यांचं काय ते तुला सांगायला नको. पण हे आपल्या केंद्रातल्या नव्या मुलीही वाचणार आहेत, म्हणून लिहिते.

आपल्याकडे बाई यायची, आपण तिची हकिगत लिहून घ्यायचो, संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवायचो, मोफत वकील मिळवून द्यायचो, मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज व्हायचा, आदेश मिळायचा. माझं काम तिथपर्यंत. फायलींना रंग, रंगाप्रमाणे कप्पे, भिंतीवर तारखांचा तक्ता. तुझं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. आदेश घेऊन बाई पुन्हा त्याच घरात राहायला गेली की तिच्याशी बोलायचं कसं? फोन नवरा तपासतो. दारात गेलो तर सासू शेजारी येऊन बसते, आणि सासूसमोर प्रत्येक बाई मजेत असते.

तू डबा काढलास. शेंगदाण्याची चटणी भरून न्यायची, "गावाकडची आहे, खा" म्हणायचं आणि डबा ठेवून यायचा. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे न शिकवता येतं. काही नाही तर चमचाभर साखर. म्हणून तू बायकांना सांगून ठेवलं होतंस: ठीक असेल तर काहीही भरून पाठव. ठीक नसेल तर रिकामा पाठव. रिकामा आला की आपण जायचं. कारण विचारत बसायचं नाही, आधी जायचं.

मी तुला पहिल्यांदा म्हटलं होतं, "त्यापेक्षा हळदीकुंकू करू या. कुठलाच नवरा हळदीकुंकवाला नाही म्हणत नाही."

"मी बौद्ध, नजमा मुसलमान, ती फिलोमिना गोराईच्या चर्चमधली. कुणाला कुंकू लावतेस? डबा सगळ्यांचा असतो."

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. माझं म्हणणं, हा पोरखेळ आहे, कोर्टात डबा पुरावा म्हणून दाखवता येत नाही. तुझं म्हणणं, कागदाला तोंड नसतं. मी म्हणायचे, पोलिसाला दार उघडायला लावायचं तर हातात आदेशच लागतो. तू म्हणायचीस, पण कुठलं दार उघडायचं ते पोलिसाला कोण सांगणार, तुझा तक्ता? एकदा अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत आपण इतक्या तावातावाने भांडत होतो की रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पहले तय करो, बैठना है या लड़ना है."

नितीन हार घालून निघून गेला आणि मी तो डबा घेऊन हॉलच्या मागच्या खोलीत गेले. झाकण उघडलं. रिकामा. घासलेला, लख्ख. झाकणाच्या आतल्या कडेला मात्र पाणी होतं. मला ते खटकलं. वैशाली नीटनेटकी मुलगी आहे. दुसऱ्याचा डबा ती ओला परत करणार नाही. घाईत धुतला असेल तरच.

पण मग मीच मला उलट विचारायला लागले, तू विचारायचीस तसं. कदाचित मयताच्या घरी जाणार म्हणून काही भरलं नसेल. अशा ठिकाणी गोडधोड कोण पाठवतं? कदाचित नितीननेच रस्त्यात आतला खाऊ संपवला असेल. कदाचित वैशाली विसरलीही असेल ती खूण. तिला घरी जाऊन बराच काळ झाला.

मी बाहेर आले आणि मला टेबल दिसलं. तुझ्या फोटोच्या डावीकडचं, ज्यावर प्रज्ञाने फुलांसाठी परात ठेवली होती. त्यावर डबेच डबे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या ज्या बाईला तुझ्या जाण्याचं कळलं ती तुझा डबा घेऊन आली होती. नजमाने शेवया आणल्या होत्या. कुणी तांदूळ, कुणी गूळ, कुणी नुसतं मीठ. फिलोमिनाने गोराईहून सुके बोंबील आणले होते, आणि वंदना चालू असताना त्यांचा वास सगळ्या हॉलभर पसरला. भन्तेजी थोर माणूस, एकदाच थांबले आणि पुन्हा सुरू झाले. प्रज्ञा मला हळूच म्हणाली, "अलकामावशी, आई आत्ता हसत असणार." मी म्हटलं, "तुझी आई आत्ता डबे उघडून बघत असती."

म्हणून मी सगळे उघडून बघितले. एकूण एक डबा भरलेला होता. तुझं घर मयताचं घर म्हणून कुणीही रिकामा डबा आणला नव्हता. माझी पहिली शंका तिथेच निकालात निघाली.

खरी शंका वेगळीच होती, आणि ती तुझ्याबद्दल होती. तुला राग येईल, पण लिहिते.

शेवटच्या काही महिन्यांत तू मऊ झाली होतीस. महानगरपालिकेच्या हॉस्पिटलात सगळी नोकरी अपघात विभागात काढलेली बाई तू. "मुंबईतल्या सगळ्या बायका बाथरूममध्येच घसरतात," तू म्हणायचीस. "बाथरूमं एवढी निसरडी असतात तर नवरे का गं पडत नाहीत? ते काय आंघोळ करत नाहीत?" अशी तू. आणि तीच तू एका संध्याकाळी केंद्राला कुलूप लावता लावता मला म्हणालीस, "सगळेच हरामखोर नसतात गं अलका. काही सुधारतात पण."

मी विचारलं, "कोण सुधारलं?"

"असंच म्हटलं."

तू असंच कधी काही म्हणत नाहीस. मी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं. त्यात आता कळलं की तू वैशालीकडे एकटीच गेली होतीस, मला न सांगता. घरी जायचं तर दोघींनी जायचं आणि फळ्यावर लिहून जायचं, हा नियम. नियम माझा असला तरी सही तुझीही होती. मग एकटी का गेलीस? थकली होतीस म्हणून? नितीन तुला खरंच सुधारलेला वाटला? की आजारपणात माणसाला सगळं लवकर आवरून टाकावंसं वाटतं, तसं तुला ही एक केस आवरायची होती? खरं सांगते, तुझ्या फोटोसमोर उभी राहून मी तुझ्यावर संशय घेत होते. हार नितीनचाच होता फोटोला.

काय पणाला लागलं होतं ते तुला माहीत आहे. वैशालीच्या बाजूने दोन आदेश होते. एक संरक्षणाचा: नितीनने तिच्यावर हात उगारायचा नाही, धमकवायचं नाही, तिच्या ऑफिसात जाऊन तमाशा करायचा नाही. दुसरा निवासाचा: ज्या घरात ती नांदत होती तिथून तिला कुणी बाहेर काढायचं नाही, मग ते घर सासूच्या नावावर का असेना. पुढे काही महिन्यांनी ती स्वतःच त्याच्याबरोबर पुन्हा राहायला तयार झाली. तो तिचा निर्णय होता, त्यात आपण पडलो नाही. तू तिला एवढंच म्हणालीस, "राहा की. पण कागद मागे घेऊ नकोस. संरक्षणाचा आदेश तू स्वतः अर्ज करून काढेपर्यंत चालू राहतो. तुझ्याशिवाय कुणी तो सहज मोडीत काढू शकत नाही. म्हणून तुझ्याच मागे लागतील."

आता ते मागे लागले होते, आणि तुझं नाव घेऊन.

रविवारी मी बेसनाचे लाडू केले, माझ्या डब्यात भरले आणि चकाल्याला त्यांच्या घरी गेले. एकटी नाही. केंद्रातली नवी मुलगी सायली बरोबर होती आणि फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. दार सासूने उघडलं. ओळखलं, पण हसली नाही. मी डबा पुढे केला तशी मात्र हसली. डब्यापुढे कुणाचं काही चालत नाही हे तुझं म्हणणं मी त्या दारात मान्य केलं. उशीर झाला, पण केलं.

हॉलमध्ये सोफ्याच्या मागे खोकी रचून ठेवली होती. माझी नजर गेलेली बघून सासूबाई म्हणाल्या, "बिल्डिंग पाडणार ना आता. नवीन बांधणार. सगळ्यांना सह्या करून जागा खाली करायचीय."

"मग तोपर्यंत कुठे राहणार?"

"आम्ही भाड्याने बघतोय. ही जाईल भावाकडे, चिपळूणला. तेवढाच बदल."

आम्ही आणि ही. सायलीने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

वैशाली पाण्याचा ट्रे घेऊन आली. पूर्ण बाह्यांचा ड्रेस, एवढ्या उकाड्यात. ट्रे तिने डाव्या हातावर तोलला होता. मी विचारलं, "काय गं, बरं नव्हतं म्हणे?"

उत्तर नितीनने दिलं. "अहो मॅडम, धांदरट आहे ही. बाथरूममध्ये घसरली."

शकू, मी पेला उचलला आणि पाणी प्यायले. पूर्ण प्यायले. दुसरं काही करायला हात मोकळे ठेवायचे नव्हते.

पेला ठेवून मी म्हटलं, "मग ते कागद काढायचं काय ठरलं?"

नितीनचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं, मॅडम समजून घेतील! वैशाली, सांग ना मॅडमना."

"हो," वैशाली म्हणाली. "हे म्हणतात ते बरोबर आहे." माझ्याकडे न बघता, लाडवांच्या डब्याकडे बघत.

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण अर्ज तिनेच करावा लागतो. आमच्या वकीलबाई मंगळवारी केंद्रात असतात. त्या बाईशी एकटीशीच बोलतात. नवरा शेजारी बसलेला असला की पुढे प्रश्न निघतो, दबाव होता का. मग तारखांवर तारखा."

"मी बाहेर बसेन ना, मॅडम. नो प्रॉब्लेम. मीच घेऊन येतो तिला."

"या. आधार कार्ड आणा, आदेशाच्या प्रती आणा, दोन फोटो आणा."

"सगळं आणतो."

यादी दिली की माणसं निश्चिंत होतात, हे माझं शास्त्र. त्या घरात मी एक शब्दही खोटा बोलले नाही. तू असतीस तर चार थापा मारल्या असत्यास आणि वर चहा मागितला असतास. निघताना मी सासूबाईंना म्हटलं, "डबा सावकाश पाठवा, घाई नाही."

मंगळवारी तो तिला स्वतः घेऊन आला. बाहेरच्या बाकावर बसला, मोबाइल काढला. आत आपल्या रेश्मा वकील, मी आणि वैशाली. मी दार लावून घेतलं, पंखा मोठा केला आणि तू विचारायचीस तोच प्रश्न विचारला. "तुला काय हवंय?" बाकीच्यांना काय हवंय ते नाही.

वैशालीने आधी विचारलं, "डबा मिळाला?"

"मिळाला. ओला होता."

तशी ती हसली आणि मग रडली. मग एकदम सगळं बोलली. सोसायटीत नव्या बिल्डिंगची बोलणी सुरू झाल्यापासून ते बदलले होते. निवासाचा आदेश त्यांच्या आड येत होता. तिचा फोन काढून घेतला. अर्जावर सही कर म्हणून रोज कटकट. सही केली नाही तेव्हा नितीनने हात पिरगळला. मनगट अजून सुजलेलं होतं, बाही वर करून दाखवलं.

मी विचारलं, "आणि शकू? ती खरंच म्हणाली, कागद काढून टाका?"

"म्हणाल्या ना. ह्यांच्यासमोरच म्हणाल्या. मी बघतच राहिले."

म्हणजे नितीन खोटं बोलला नव्हता.

"मग जायला निघाल्या," वैशाली म्हणाली. "दारात चप्पल घालता घालता डबा माझ्या हातात दिला. ह्यांच्यासमोर, आईंच्यासमोर, मोठ्याने म्हणाल्या, 'चटणी आहे गं गावाकडची. आणि डबा काय, रिकामा आला तरी चालेल हं.'"

रिकामा आला तरी चालेल. आपल्याकडे सगळ्या शेजारणी म्हणतात आणि कुणी मनावर घेत नाही. नितीन आणि त्याच्या आईच्या कानांवरून ते तसंच निघून गेलं.

तू त्या घरात शिरल्याबरोबर ओळखलं होतंस. खोकी बघितली असशील, बाही बघितली असशील. नितीनला हवं ते त्याच्या तोंडावर बोललीस, त्याला बेसावध केलंस आणि मुलीच्या हातात तिचा दरवाजा देऊन आलीस. डबा यायच्या आत तूच गेलीस, एवढंच हिशेबाबाहेर झालं.

पुढचं वैशालीचं. मी विचारलं, "पण त्याच्याच हातून पाठवलास?"

"दुसरं कोण होतं? मी ह्यांना म्हटलं, गेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवू नये, आज कार्यक्रमाला जाताय तर देऊन टाका. आईंना पटलं. पण आई म्हणाल्या, रिकामा कसा देतेस, आणि त्यांनीच साखर घातली आत. हे खाली जाऊन बाइक काढत होते. मी डबा पिशवीत घालते म्हणून आत नेला, साखर मोरीत ओतली, धुतला आणि पिशवीत टाकला. पुसायला वेळच नव्हता."

आपल्या रेश्माबाई कडक, कोर्टात त्यांना कुणी हलवू शकत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग कामाला लागलो. अर्ज झाला आणि वैशालीने सही केली. डाव्या हाताने मनगट धरून. अर्ज तिचाच, पण मजकूर वेगळा: संरक्षणाचा आदेश मोडला जातोय, घर कुणाच्या नावे करू नये, त्यावर परस्पर व्यवहार करू नये, बिल्डिंग पाडलीच तर तिच्या राहण्याची तशीच सोय त्यांनी करावी, आणि नितीनने त्या घरात राहू नये. आदेश मोडणं हा गुन्हा आहे, नुसती घरगुती कुरबुर नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. संरक्षण अधिकाऱ्यांना फोन केला, पोलीस ठाण्याला केला. माझा तक्ता त्या दुपारी फार उपयोगी पडला, हे तू ऐकून घे. कोणाला आधी फोन करायचा हे शोधायला मला एक क्षणही लागला नाही.

मी तिला विचारलं, "आज आश्रयगृहात राहतेस का? सोय होते."

"मी का जाऊ? त्या कागदात माझं घर लिहिलंय ना?"

मी म्हटलं, "लिहिलंय."

बाहेर आले तर नितीन उठून उभा राहिला. "झाली का सही, मॅडम?"

"झाली."

"थँक यू मॅडम. ताईंच्या आत्म्याला शांती मिळेल."

"मिळाली असावी," मी म्हटलं. एवढ्यात जिन्यावर महिला पोलीस दिसल्या.

निकालाबद्दल मी काही बोलणार नाही. तारीख पडली आहे, आणि तारीख पडली म्हणजे न्याय झाला असं मी तुझ्यापाशी कधी म्हटलं नाही. वैशालीची हॉस्पिटलात तपासणी झाली, तिचा जबाब झाला. पहिल्याच तारखेला नितीनला घराबाहेर राहायचा तात्पुरता आदेश झाला. सध्या तो बोरिवलीला बहिणीकडे आहे. चांगलं वागतोय म्हणे. मी ते ऐकून घेते, मानत नाही. सासूबाई आणि वैशाली एकाच घरात आहेत, एका गॅसवर दोन वेगळे चहा होतात. सायली दर आठवड्याला जाते, कुणाला तरी बरोबर घेऊन. जाताना डबा नेते.

माझा लाडवांचा डबा वैशालीने स्वतः आणून दिला. आत चटणी, तुझ्या पद्धतीची करायचा प्रयत्न केलेली. मी तिच्यासमोरच झाकण उघडून चाखली. तिला वाटलं मी कौतुकाने चाखते. मी खात्री करत होते. मीठ जास्त झालं होतं. तू तोंडावर सांगितलं असतंस, म्हणून मीही सांगितलं. तिला राग आला. मला फार बरं वाटलं. त्या मुलीला राग येताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पण शकू, तुझं एक राहिलंय माझ्याकडे.

हॉस्पिटलात जायच्या आधी तू मला डबा पाठवला होतास. मी विचारलं होतं, दम लागतोय का, डॉक्टरांकडे गेलीस का. तू फोनवर म्हणालीस, "मला काय धाड भरलीय," आणि दुसऱ्या दिवशी प्रज्ञाबरोबर डबा आला. काठोकाठ भरलेला. चटणी, आणि वर केळीच्या पानाच्या तुकड्यात दोन पुरणपोळ्या. मी निर्धास्त झाले. भरलेला डबा आला म्हणजे सगळं ठीक. तू घालून दिलेला नियम.

प्रज्ञा आता सांगते, त्या पोळ्या लाटताना तू मध्ये दोनदा खुर्चीवर बसलीस. तिने म्हटलं, राहू दे गं, नुसती चटणी पाठवू. तू म्हणालीस, "अलका संशयी आहे. कमी भरला तर धावत येईल."

एवढ्या बायकांना खरं सांगायची एक सोय करून दिलीस आणि स्वतः त्याच डब्यातून माझ्याशी खोटं बोललीस. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. रिक्षाच्या रांगेत, सगळ्यांसमोर. मी मुद्दे तयार ठेवले आहेत, तुला माहीतच आहे मी ठेवणार. पहिल्या मुद्द्यावरच तू मला गप्प केलं असतंस हेही माहीत आहे. तरी व्हायला हवं होतं.

तुझा तो डबा माझ्या ओट्यावर होता. चटणी मी पुरवून पुरवून खाल्ली. शेवटी तळाला नुसतं तिखट राहिलं, तेही भाकरीने पुसून खाल्लं. मग काल डबा घासला, पुसून कोरडा केला आणि तुझ्या घरी घेऊन गेले. वाटेत मिठाईचं दुकान लागलं, फुलवाला लागला. थांबले नाही.

दार प्रज्ञाने उघडलं. मी डबा पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि हातात घेतल्याबरोबर तिला कळलं. झाकण उघडून बघायची तिला गरज पडली नाही. तुझीच मुलगी. कारण विचारलं नाही.

म्हणाली, "मावशी, आत ये."